सशाच्या कानांचा फुगा

डहाणू, १२ एप्रिल १९५५

ती. काशीनाथदादास,
लतिकाचा शि. सा. न. वि. वि.

महालक्ष्मीच्या जत्रेत काय पाहिलं ते ऐक. परदेशी फुगा, सशासारखे दोन कान असलेला. आमच्या घरामागच्या कारखान्यात इतकी वर्षं रबराच्या चिकात साचे बुडवतोय, पण कान काही आम्हांला सुचले नाहीत. आणि किंमत दोन पैसे! आमचा साधा गोल फुगा एक आण्याला. समुद्र ओलांडून आलेला फुगा आमच्या अंगणात वाळलेल्यापेक्षा स्वस्त कसा? माझी तर मतीच गुंग झालीय.

आमच्याकडे साचे बुडवणारी शुक्री तिथेच भेटली. लेकरांची आई, पण तो फुगा तिनं स्वतःसाठी घेतला होता, आयुष्यात पहिल्यांदा. दोरा बोटाला गुंडाळून गर्दीतून अशी मिरवत होती की मी बघतच राहिले. आधी राग आला, मग रागाची लाज वाटली.

ह्यांनी मात्र जेवण सोडलंय. माल पडून आहे. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत कारखान्याला कुलूप, आणि शुक्रीसकट सगळ्या बायका घरी. तू कस्टममध्ये आहेस, काहीतरी सुचव. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी लतिका

मुंबई, २० एप्रिल १९५५

चि. सौ. लतिकास,
अनेक आशीर्वाद.

चंद्र आपल्या मागे मागे का येतो म्हणून लहानपणी डोकं खायचीस, तसलाच हा प्रश्न. साहेबांना विचारला आणि उत्तर ऐकून मीही थक्क झालो. तिकडचं सरकार दर फुग्यामागे कारखानदाराला पदरचे पैसे देतं. मग तो इथे तोट्यात विकूनही बुडत नाही. इथले कारखाने मिटले की भाव त्याच्या हातात. कुठल्या मुलखात कोण सही करतो आणि माल पडून राहतो तो तुझ्या अंगणात. माणसाचा हात एवढा लांब पोचतो, हे मला ठाऊक नव्हतं.

उपाय एकच, आयातीवर जकात वाढवणं. बहिणीसाठी शब्द टाकणं मला शोभणार नाही. सगळ्या फुगेवाल्यांनी मिळून दिल्लीला अर्ज करा. गोपीनाथरावांना सांग, उपाशी राहिल्यानं जकात बसत नाही. आठवण ठेव, ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझा दादा

डहाणू, ३० एप्रिल १९५६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज पावला. जकात बसली आणि सशाचे कान यंदा जत्रेतून नाहीसे झाले. आमचा माल उठतोय. हे आता दोनदा भात मागून घेतात. दिल्लीत कागद हलतो आणि इथे इतक्या घरच्या चुली पेटत्या राहतात, याचं नवल अजून ओसरत नाही. वहिनींना नमस्कार सांग. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी लतिका

ता. क. जत्रेत शुक्री दिसली, रिकाम्या हातांनी. आण्याचा फुगा ती कुठून घेणार? मला कसंतरीच झालं. आमच्या मालातलाच एक तांबडा फुगा फुगवून तिच्या हातात दिला, हा तुला, म्हटलं. तिनं तो सगळीकडून दाबून पाहिला, हवा सुटत नाही ना म्हणून कानाशी धरला, आणि चांगला झालाय, विकला जाईल, असं सांगून परत दिला.