सगळ्या बायकांचा एकच चेहरा

मंगळवार संध्याकाळ, बोरीवली

आज अंधेरीला एका प्रकाशकाकडे चित्रांची फाइल घेऊन गेलो. लहान मुलांच्या पुस्तकाचं काम होतं. संपादक मॅडमनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "अरे, राजकन्या, कोळीण, शाळेतली बाई, सगळ्यांचं नाक एकच? कोण आहे ही?"

कोण म्हणजे? कॉलेजातली मुग्धा, जी दोन महिने माझा फोन उचलत नाही. पण हे त्यांना कशाला सांगू? "माझी स्टाइल आहे," म्हणालो.

"स्टाइल नाही रे, सवय आहे. शुक्रवारी पाच वेगळ्या बायका काढून आण, मग बघू."

माझं डोकं फिरलं. "मग दुसरा कोणी बघा," म्हणून फाइल ओढून निघालो. मूर्ख साला मी. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी "काढून आण" म्हणालं होतं.

घरी आईला समोर बसवलं. ती भेंडी चिरत होती. नाक पुन्हा मुग्धाचंच आलं. खोडलं, परत तेच.

आई म्हणाली, "माझं चित्र ना? मग माझ्याकडे बघ की, मघापासून कागदाकडेच बघतोयस."

बघितलं. तिच्या नाकाचा शेंडा किंचित डावीकडे वळलाय. इतक्या वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं.

सकाळी मॅडमना फोन करायचा. माफी वगैरे मागायला नाही.

माफी मागायलाच.