पेटीच्या झाकणातलं आडनाव

टुल्पेहॉकन, पेनसिल्व्हेनिया
ऑक्टोबर १८३९

चिरंजीव सबीना हिला,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, अपोलोनियाचे, पोटभर आशीर्वाद. तिकडे ओहायोत तुझे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत, प्रवचन लांबलं की तेवढे कुरकुरतात. (हे पत्र पाद्री एमरिखबाबा स्वतः लिहून घेताहेत. आत्ता त्यांची लेखणी थांबली. लिहा बाबा, सबीना मला ओळखून आहे.)

माझ्या नातीचं, सालोमेचं, लग्न मंगळवारी एकदाचं झालं. मोडल्यातच जमा होतं ते. मुलगा गिडियन श्वार्ट्झ, पाणचक्कीवाल्यांचा, हसरा, दात सगळे शाबूत. पण आमचं आडनाव ब्लॅक. इंग्रजांच्या बोलीत ब्लॅक म्हणजे काळे आणि आपल्या जर्मनमध्ये श्वार्ट्झ म्हणजेही काळे. एवढ्या धाग्यावर गिडियनच्या आत्याने अख्खं सूत कातलं, की दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ आणि त्यातल्या एकाने इंग्रजांच्या नादी लागून नाव बदललं. पाद्रीबाबा इथे नवे, त्यात कडक. म्हणाले, "एका रक्ताचं लग्न मी लावणार नाही. आधी घराण्याचं मूळ दाखवा, तेही कागदावर." सालोमेने जेवण टाकलं. पुढ्यात सॉसेज आणि पोरगी खिडकीबाहेर बघतेय, तेव्हा मात्र मी घाबरले.

मी बाबांना सांगितलं, की माझ्या सासूबाई सांगायच्या, सासरे जहाजातून एकटेच उतरले, उवांखेरीज सोबत कोणी नव्हतं. मग लोखंडाच्या भट्टीसाठी कोळसा पाडायला राहिले. तोंड सदा काळं, म्हणून इंग्रज मुकादम ब्लॅक म्हणायचा, तेच चिकटलं. आधीचं आडनाव विचारलं की सासरे म्हणत, "आता कशाला? हे काही धुऊन निघत नाही." बाबा म्हणाले, "आजी, ही ऐकीव गोष्ट झाली." मी म्हटलं, "रविवारी तुम्ही सांगता तीही आम्ही ऐकूनच घेतो." (लिहिलंत ना?)

ऑगस्टअखेरीस ते सालोमेची समजूत घालायला आले. मेजावर घालायला चांगलं कापड काढावं म्हणून मी कपड्यांची पेटी उघडली, तर बाबा मान वाकडी करून झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत राहिले. तिथे एक रंगीत कागद चिकटवलेला आहे, ट्यूलिपची फुलं आणि दोन पोपट. मला अक्षर येत नाही, त्यामुळे चाळीस वर्षं मी आपले पोपटच बघत आले. तो निघाला बाप्तिस्म्याचा दाखला: योहान्नेस, योहान्नेस ब्लाइखचा मुलगा. माझा नवरा योहान्नेस, सासरेही योहान्नेस. आणि ब्लाइख म्हणजे फिकट, गोरा. बाबा ताडकन उभे राहिले. म्हणाले, "मुकादमाने ब्लाइखचं ब्लॅक ऐकलं. गोऱ्यांचे काळे झाले. श्वार्ट्झांशी तुमचा काडीचा संबंध नाही." मी तोंड बंद ठेवलं. मला ते किती जड जातं तुला ठाऊकच आहे.

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये लग्नाचा पुकारा झाला आणि सालोमेने दुपारी तीन सॉसेज खाल्ले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. लग्नात गिडियनची आत्या आंबवलेल्या कोबीला नावं ठेवत होती, पण दोनदा वाढून घेतली.

आता बाबांना हे चर्चच्या वहीत नोंदवायचं आहे. पेटी माझ्या सासऱ्यांच्याच घरातली, एवढं सांगणारी तू एकटी हयात आहेस. सवडीने कोणाकडून तरी लिहून कळव.

तुझी अपोलोनिया
(फुली माझी, बाकी अक्षर बाबांचं.)

ता. क. बाबा आपल्या घरी परतले. आता मी सांगतेय आणि सालोमे लिहितेय. पेटी तुला आठवत असेलच. आपण दोघींनी ती लिलावातून आणली, वाटेत तू तिच्यावर बसून हटून राहिली होतीस. हे ब्लाइख कोण, कुठले, देव जाणे. योहान्नेस म्हणून हाक मारली तर इथे अर्धा गाव वळून बघतो.

आणखी एक. बाबांना "हो, सासऱ्यांचीच" असं कळव. जिवाला खाऊ नकोस. सासरे एकटेच आले होते, सासूबाई अशा गोष्टीत खोटं बोलत नसत. आमचं खरंच आहे गं, फक्त कागद दुसऱ्याचा आहे.