बरणीची जागा

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ.

सुटले एकदाची! चिपळूण नको, रत्नागिरीच. आईने आज घर बघितलं.

आईला घेऊन राहायला घर कुठे घ्यायचं, हे महिनाभर मी आणि आमचे हे नुसते तोलत बसलो होतो. चिपळुणात पुराचं पाणी, शिवाय अलोऱ्याचे, कोयनेकडच्या भूकंपाचे हादरे जवळ. इथे रत्नागिरीत समुद्र दिसणारा तो फ्लॅट मला फार आवडला होता, पण आई समुद्राकडे बघेचना. मागचा कापलेला डोंगर बघत राहिली. "हादरा येऊन जातो गो. हा डोंगर खाली आला तर जाणार कुठे?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं बोलली.

आजचं घर सड्यावर, उघड्या सपाट कातळावर. मागे डोंगर नाही, खाली सगळा जांभा. हादरा इथेही पोचेल म्हणा, नाही कोण म्हणेल? आई काय म्हणेल याचीच धास्ती होती. तिची चाळीस वर्षं अलोऱ्याच्या कॉलनीत गेली. तिथे एका हादऱ्यात फळीवरची लोणच्याची बरणी पडून फुटली, तेव्हापासून तिची बरणी कायम जमिनीवर, भिंतीला टेकून. आज घर बघायला निघतानाही बरणी मांडीवर. "नाही आवडलं तर परत नेईन."

बरणीसाठी म्हणून मी ओट्याखालचा कोपरा आधीच पुसून ठेवला होता.

आईने कोपरा बघितला, हसली. "तिथे मुंग्या लागतील गो," म्हणाली, आणि बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली.