चौदा गुलाबी ठिपके

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

निळा नको म्हणून तीनदा सांगितलं, तरी वैष्णवीने निळाच काढला. भाची माझी, धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात इंटिरियर डिझाइन शिकली आणि आता रंगांच्या मानसशास्त्राचा तक्ता घेऊनच जेवायला बसते. "आत्या, निळ्याने नाडी संथ होते." माझी तर धडधडायला लागली!

रंगवायच्या भिंती आहेत वेल्ह्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या. वरच्या वाड्यावस्त्यांवरच्या चौदा पोरी तिथे राहून शाळेत जातात. भाऊ त्या ट्रस्टवर आहे. दिवाळीत तिथली अधीक्षिका नोकरी सोडून गेली. दुसरी मिळेपर्यंत कोणी जाऊन राहायचं, या प्रश्नावर मीटिंगमध्ये सगळे पंख्याकडे बघत बसले. मी म्हटलं, मी जाते. पंधरा दिवस. वर एक दिवस नाही. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याची भांडणं ऐकलेल्या बाईला चौदा पोरी काय जड?

पण अट घातली – भिंती रंगवायच्याच आहेत, तर रंग मी ठरवणार.

आमच्या कॉन्व्हेंटच्या डॉर्मिटरीत भिंती अर्ध्यापर्यंत राखट हिरव्या होत्या, वर चुना. प्रत्येक कॉटवर नंबर. माझा सत्तावीस. आठ वर्षं त्या हिरव्याकडे तोंड करून झोपले. तेव्हाच ठरवलं होतं, कधी एखादी भिंत हातात आली तर बघून घेईन. अडुसष्टाव्या वर्षी आली!

११ नोव्हेंबर

भोरला रंगाच्या दुकानात दोन तास. किती वर्षांत अशी मजा आली नव्हती. शेडकार्डावर रंगांना नावं काय एकेक – 'पहाटेची चाहूल', 'ओल्या मातीचा सुस्कारा'. सुस्कारा! मी इतकी हसले की दुकानदाराने स्टूल दिलं.

वैष्णवीचं पाठांतर चालूच. पिवळा म्हणजे उत्साह, पण जास्त झाला की लहान मुलं चिडतात. हिरव्याने एकाग्रता. पांढऱ्याने स्वच्छता, पण एकटेपणा. गुलाबी म्हणजे माया, सुरक्षितता.

"थांब," म्हटलं. "शेवटचं परत म्हण."

१२ नोव्हेंबर

वैष्णवीला घेऊन वेल्ह्याला आले. पोरी शाळेतून आल्या, माझ्याकडे टकामका बघितलं, पळाल्या. माझी कॉटही त्यांच्याच खोलीत टाकलीय. स्वयंपाकाला सगुणाबाई आहेत, मूळच्या सारोळ्याच्या. मला एका नजरेत मोजलं त्यांनी.

वैष्णवीने त्यांना सांगितलं, स्वयंपाकघराला लाल-नारिंगी देऊ, लाल रंगाने भूक वाढते. सगुणाबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"भूक वाढती व्हय? आवं, आत्ताच एकेक पोरगी चार-चार भाकरी खाती. रंग लावून अजून वाढवताय? आन मग पीठ मळायला तुमी येनार का पुन्याहून?"

स्वयंपाकघर पांढरं राहणार. सगुणाबाई मला आवडल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकले!

भिंती साध्या फिकट, आणि प्रत्येक पोरीच्या कॉटवर, उशाशी, भिंतीवर परातीएवढा गोल गुलाबी ठिपका. नंबर नाही. अंगणात चुकून सूर्य उतरावा तसा – हे माझं वाक्य, वैष्णवीने वहीत लिहून घेतलं. गोल मी स्वतः आखले, सगुणाबाईंची परात भिंतीला धरून. रंग भरला सोमनाथ पेंटरने. तो म्हणाला, "मॅडम, लगीनघरावानी दिसतंय." त्याने कौतुकच केलं असं मी धरून चालले.

गुलाबी अगदी राणी. डोळे दिपतात. केसांत लागलाय, चष्म्यावर लागलाय, काढावासा वाटत नाही. आज बालदिन. शाळेत भाषणं झाली असतील. मी ठिपके दिले!

१५ नोव्हेंबर

तेरा पोरी नाचल्या. एकीने ठिपक्यावर हात ठेवून फोटो काढायला लावला. दुसरीने विचारलं, "बाई, ह्यो माझाच ना? दुसरीला न्हाई ना देनार?"

चौदावी दारातून आत आली नाही.

ती कोमल. सहावीत. दिवाळीनंतरच आली आहे, वरच्या धनगरवाडीवरून. बरोबर आजी आली होती, धोंडाबाई. वाडीवर शाळा पाचवीपर्यंतच, खाली रोज ये-जा करायची तर अडीच तासांची उतरण. म्हणजे ही पोर इथे टिकली तर शिकेल, नाहीतर जनावरांमागे जाईल – शाळेतल्या गुरुजींनी मला हे दोनदा बजावलंय. गणित असं की पाढे विचारावेत आणि आपणच गडबडावं.

तिला हाताला धरून आत नेलं. तिने ठिपक्याकडे पाहिलं, मग बाकीच्या तेरांकडे, एकेक करत. मग मागच्या मागे दाराशी गेली.

लाजाळू आहे, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर

लाजाळू नाही, हट्टी आहे! सकाळी बघते तर बाईसाहेब सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरात पोत्यावर झोपलेल्या. लागोपाठ दुसऱ्या दिवशी. कॉटवर झोप म्हटलं तर कॉट ओढत खोलीच्या मध्यावर आणली. भिंतीपासून लांब.

वैष्णवी पुण्याला परतलीय, तिला फोन केला. उत्तरादाखल चार मिनिटांचं भाषण मोबाईलवर आलं. गुलाबी बरोबरच आहे, पण गडदपणा जास्त, लहान मन बिथरतं. "आत्या, तू शेडकार्डावरचा सगळ्यात भडक उचललास."

भडक म्हणे. तिच्या लिपस्टिकबद्दल मी कधी काही बोलले आहे का?

तरी सोमनाथला बोलावून कोमलच्या ठिपक्यावर पांढरा मिसळून एक हात दिला. फिका झाला, उतरून गेल्यासारखा. कोमल बघत उभी राहिली आणि पहिल्यांदाच काहीतरी पुटपुटली. सगुणाबाईंना ऐकू आलं – "जुना झाला म्हंजी लवकर न्यायचा." अर्थ त्यांनाही लागला नाही, मलाही नाही.

१९ नोव्हेंबर

शाळेतर्फे आरोग्य तपासणी, इथेच अंगणात. वजन, उंची, दात. डॉक्टर तरुण, चांगला. एकेकीची हनुवटी धरून तोंड उघडायचा, दात बघायचा, आकडा सांगायचा, शाळेतल्या बाई लिहून घ्यायच्या. बाकीच्या खिदळत होत्या. कोमलने तोंड असं मिटलं, जशी बटव्याची नाडी ओढावी.

मी चिडले. म्हटलं, "उघड तोंड, खाणार नाहीत तुला!"

तेव्हा उघडलं. डोळे घट्ट मिटून.

२० नोव्हेंबर

कोमल बोलली! आपणहून! मी वरांड्यात तांदूळ निवडत होते, ती येऊन उभी राहिली.

"बाई, कधी नेनार?"

बिचारीला घराची ओढ लागली. मी भरभरून सांगितलं – नाताळच्या सुट्टीला, चोवीस तारखेला, टेम्पो ठरवलाय.

"समद्यास्नी?"

"सगळ्यांना. एकीलाही मागे ठेवणार नाही."

मान डोलावून गेली. मला इतका आनंद झाला की तांदळातला खडा तसाच राहिला आणि जेवताना माझ्याच दाताखाली आला.

२१ नोव्हेंबर

कोमल गेली.

सकाळी शाळेला निघाली आणि शाळेत पोहोचलीच नाही. अकरा वाजता गुरुजी धावत आले. दीड तास मी रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. साडेबाराला वाडीवरून कोणाच्या तरी मोबाईलवरून फोन आला – दुधाच्या गाडीतून निम्म्यापर्यंत, पुढे चालत. पोहोचलीय. परत यायचं नाही म्हणते.

वैष्णवी म्हणते पिवळा लावून बघू. भाऊ म्हणतो, एखादी टिकत नाही, सोड. सगुणाबाई परात आपटतात.

मी सोडणार नाही. एवढी हुशार पोर एका भिंतीपायी घरी बसणार? कोणत्या तक्त्यात आहे हे?

२३ नोव्हेंबर, रविवार

वाडीवर जाऊन आले. गुडघे बोलायला लागलेत, पण आज लिहिलंच पाहिजे.

जीप जाते तिथपर्यंत जीप, मग पाऊण तास चढ. वाटेत भाषण तयार केलं होतं. शिक्षणाचं महत्त्व, मुलीची जात, आजीची जबाबदारी, सगळं. अंगणात पाय ठेवला आणि समोर वाडगं. आत पंधरा-वीस शेरडं. त्यातल्या तीन बोकडांच्या पाठीवर –

गोल. गुलाबी. राणी.

माझा रंग. तोच. परातीऐवजी बशीने आखल्यासारखा, एवढाच फरक.

धोंडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी बोकडांकडे बोट केलं. 

"त्ये व्हय? येपाऱ्याचं निशान. येतो, त्वांड उघडून दात बघतो, वय वळखतो. काट्यावर तोलतो. पसंत पडला की टिकला मारतो. मग म्हैना-पंदरा दिसानं टेम्पो घिऊन येतो, टिकल्याचं समदं भरून न्हेतो."

मी ओट्यावर बसले. 

दात. काटा. टेम्पो. चोवीस तारीख. एकीलाही मागे ठेवणार नाही!

"पोर सांगत व्हती," धोंडाबाई म्हणाल्या, "समद्या पोरींच्या डोक्याशी टिकला हाय. निस्ता बाईंच्या खाटंवर न्हाई. म्या म्हनलं, येडी का खुळी, मानसं कुनी इकत न्हाई. तर म्हनली, आज्जे, टिकला बाईंनी सोताच्या हातानं मारलाय, म्या बघितलं."

आणि मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला राग यायला हवा होता. यायची सवय आहे. पण त्यांचं बघून मलाही हसू फुटलं आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून इतक्या हसलो की शेरडं बिचकली. कोमल कुडाच्या मागून बघत होती. हसता हसता मध्येच माझं हसू कुठेतरी अडकलं. आठवडाभर ही पोर रोज शाळेत गेली, गणितं बरोबर सोडवली, आणि मनात न्यायला येईपर्यंतचे दिवस मोजत होती. बाकीच्या तेराजणींचेही.

मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यात हे वाक्य किती वेळा बोलले असेन? टेलिफोन खात्यात तर एकदाही नाही.

ती कुडाआड सरकली.

मग धोंडाबाईंना विचारलं – डिझाइनचं खूळ बघा, आता तरी बरोबर करू म्हणून विचारलं – "जी विकायची नाहीत, ठेवायची आहेत, त्यांना कोणता रंग लावता?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मी अजून सत्तावीस नंबरच्या कॉटवरची पोर आहे.

"ठेवायच्या जनावराला रंग कशाला? त्येला नाव असतंय की." आणि वाडग्याकडे तोंड करून हाक मारली, "मोरे!" एक काळी-पांढरी शेळी मान वर करून चालत आली.

२४ नोव्हेंबर

वैष्णवीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. मग म्हणाली, "आत्या, तक्त्यात गुलाबीसमोर माया लिहिलंय. कोणाची, ते कोणी लिहिलंच नाही गं."

मी म्हटलं, "तुमच्या तक्त्यात बरंच काही नसतं."

माझ्याही डोक्यात नव्हतं, हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितेय.

२५ नोव्हेंबर

पंधरा दिवस संपत आले. दुसरी बाई मिळालेली नाही. सोमनाथ ठिपक्यांवर पांढरा मारतोय आणि तेरा पोरी माझ्याशी बोलत नाहीत. समजावून सांगितलं, एकेकीला. एक म्हणाली, "मग त्या गुलाबीनं आमची नावं लिवा." हुशार कार्टी. ठिपक्याच्या जागी जिचं तिचं नाव, जिच्या तिच्या हातचं. मग सगळ्या बोलायला लागल्या, आणि आता गप्प बसत नाहीत.

कोमलची जागा कोरी ठेवलीय. वाडीवर निरोप धाडलाय. उत्तर नाही.

२६ नोव्हेंबर

उत्तर नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी भावाचा फोन, नवी अधीक्षिका मिळाली, सोमवारी येते. बॅग भरली. दुपारी धोंडाबाई कोमलला घेऊन आल्या, पत्र्याच्या पेटीसकट. कोमलने भिंतीवरची तेरा नावं वाचली, सोमनाथचा ब्रश उचलला आणि आपल्या कॉटवर आपलं नाव लिहिलं. मग माझ्याकडे वळली.

"बाई, तुमचं नाव काय?"

सांगितलं. रत्ना. गेली कित्येक वर्षं कोणी विचारलं नव्हतं. तिने ते माझ्या कॉटवर लिहिलं, चांगलं मोठं, हात पोहोचेल तितकं वर.

राहणार का म्हणून विचारलंसुद्धा नाही कार्टीने. भावाला फोन करून सांगितलं, त्या बाईला नाही म्हणून कळव.