क्लच प्लेटा गेल्या नव्हत्या

बाबा, तुमच्यामागं मी चालवते त्या गॅरेजवर काल जे झालं ते तुम्हाले सांगितल्याशिवाय मले चैन पडेना. तुमच्या वेळचे ते कापूसवाले काका, तुमच्याशिवाय कोणाले गाडीले हात लावू देत नव्हते, तेच काल मोटरसायकल ढकलत आले. रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलते, गाडी काही ओढत नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं क्लच प्लेटा गेल्या म्हणून सांगितलेलं. ऑइल कधी बदललं विचारलं तर काका कौतुकानं सांगतात, जावयाच्या कारमधलं चांगलं महागाचं ऑइल उरलं होतं, वाया कायले घालवायचं, टाकलं गाडीत. झालं! आपल्या मोटरसायकलच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलात बुडून असतात, कारचं निसरडं ऑइल पडलं की त्या एकमेकींले धरतच नाहीत. प्लेटा राहू द्या, ऑइल बदलते म्हटलं. बाजाराचा दिवस, बाकावर चारजण बसलेले. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "तुह्या बापानं पहिले प्लेटा खोलल्या असत्या."

खोलल्याच असत्या तुम्ही. ऑइल दोन बोटांत चोळून पारखायचे आणि गाडी कोणतीही असो, एकाच डब्यातलं ओतायचे. मी डब्यामागचं बारीक अक्षर वाचत बसले तर खेकसले होते, "वाचून गाडी चालते का?" तो राग मी कितीक वर्षं पोटात ठेवला. पण खरं सांगते, काल डब्यावरचं अक्षर मी तीनदा वाचलं. प्लेटा खरंच गेलेल्या निघाल्या असत्या तर गावात पुन्हा कोणी मले मिस्त्री म्हटलं नसतं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचं, डब्यावर एमए, म्हणजे ऑइलात बुडलेल्या क्लचसाठीचं, असं लिहिलेलं ऑइल भरलं. जुन्याचा अंश राहू नये म्हणून थोडी फिरवून तेही काढलं, पुन्हा नवं भरलं. काका गाडी पारखायले पुलाच्या चढावर गेले. मी नुसती उभी.

परत आले ते हसतच. म्हणाले, "बापाचा हात उतरला पोरीत." बाकावरच्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

पण बाबा, हे तुमचं नव्हतं. पाना धरणं तुम्ही शिकवलं, हे मी एकटीनं शिकले. मी तुमच्याहून चांगली मिस्त्री झाले, आणि मले त्याचा लय अभिमान वाटून राह्यला. हे पहिले तुम्हालेच सांगावं वाटलं. तुम्ही समोर असते, तर माझ्या तोंडून एक शब्द निघाला नसता.