बाकीच्या फेऱ्या

५ जानेवारी, सोमवार

लीलाला नाही म्हणाले मी! सरळ, तोंडावर. आणि चष्मा तिच्या टेबलावर विसरून घरी आले. हे जुन्या चष्म्याने लिहिते आहे. ओळी वरखाली जात असतील तर जाऊ देत.

लीलाला हायकोर्टात अर्ज करायचा आहे. कशासाठी, ते लिहायला हात धजत नाही. — मरायची परवानगी. डॉक्टरच्या मदतीने, कायद्याने, तिला हवं तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, मानेचा मणका गेला. पस्तीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात उभं राहून भांडलेली शिवलीला वकील मानेखाली गप्प झाली. तोंड मात्र तसंच! आणि आजार म्हणावा तर काही नाही. डॉक्टर कौतुकाने सांगतात, हृदय ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं सहज काढाल.

"हेच तर," ती म्हणते. "आपला कायदा सांगतो, बरं होण्याची आशा नसेल तर उपचार थांबवा, यंत्र काढा. माझ्यावर काढायला यंत्रच नाही, वैजू. मरण्याइतकी आजारी नाही म्हणून मला मरता येत नाही."

अर्जासोबत तिला माझं प्रतिज्ञापत्र हवं आहे. घरच्यांखेरीज पहिलीपासून तिला ओळखणारी मी एकटीच उरले. हिची इच्छा पक्की आहे, डोकं शाबूत आहे, कुणी भरीस घातलेलं नाही — हे मी शपथेवर सांगायचं.

मी? जिने तिला साडी नेसायला शिकवलं?

६ जानेवारी

गेले नाही. तिला सांभाळणाऱ्या शरणम्माचा फोन — "बाई, चष्मा हितंच हाय की." असू दे म्हटलं.

७ जानेवारी, बुधवार

गेलेच. सातला.

चार महिने झाले, सकाळी सातला मी तिच्याकडे असते. लीला तशी देवभोळी नव्हे, पण गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची तिच्या आईची सवय तिने कधी मोडली नाही. अगदी खटल्याच्या निकालाच्या दिवशीसुद्धा. अपघातानंतर शरणम्मा लिंग तळहातावर ठेवायची, पण हात स्थिर राहत नव्हता. एकदा लिंग घरंगळून चादरीवर पडलं. त्या दिवसापासून लीलाने पूजाच बंद केली.

मग मी म्हटलं, मी खालून हात धरते. मी तुमच्या लिंगायतांतली नाही, लिंगाला शिवत नाही, फक्त तुझा हात धरते. तेव्हापासून तिच्या तळव्याखाली माझा तळवा. शरणम्मा भस्म लावते, बेलाचं पान ठेवते. अर्धा तास. शेवटी शेवटी माझा हात भरून येतो, पण मी हलत नाही.

आज पूजेनंतर मी म्हणाले, "तू मागतेस त्यालासुद्धा दुसऱ्याचाच हात लागणार ना?"

"म्हणून तर कायदा हवा. नाहीतर तो हात तुरुंगात जाईल."

हिच्याशी वादात कोण जिंकलंय!

चष्मा घेऊन आले.

१० जानेवारी, शनिवार

लीलाचा धाकटा भाऊ गुरुशांत आला होता. चहा घेतला नाही.

"वैजूताई, तुम्ही सही करू नका. लोक म्हणतील, गुरुशांतला बहीण जड झाली. चाटी गल्लीत दुकानावर बसायचं कसं मी?"

मला राग आला. दुकान! मग तो रुमाल शोधायला लागला. सापडेना. शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. "मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची हो ती. तिची वेणी धरून बसायचो मी."

मला आठवत होतं. त्याचं नाक वाहायचं आणि लीलाचा इस्त्रीचा युनिफॉर्म खांद्यावर नेहमी ओला.

११ जानेवारी

दिवसभर शाळाच डोळ्यांपुढे. लीलाच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मधल्या सुट्टीत माझं सँडविच तिला, तिची भाकरी मला. भाकरी मोडल्याचा आवाज आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर इमेल्डांना वर्गात ऐकू जायचा.

वादविवादात आम्ही दोघी कायम विरुद्ध बाजूला. सिस्टरांचा एक नियम होता. आधी समोरचीचं म्हणणं तिच्यापेक्षा चांगलं मांडायचं — इतकं की तिने मान हलवली पाहिजे. ती मान हलवेपर्यंत विरोधाचा एक शब्द काढायचा नाही.

लीलाला मी नाही म्हणाले. तिचं म्हणणं मात्र एकदाही मांडून पाहिलं नाही.

सिस्टरांनी मला खाली बसवलं असतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

गड्ड्याच्या जत्रेला गेले. शरणम्माला बांगड्या हव्या होत्या आणि लीला म्हणाली, "जा गं, माझ्या वाटचा धूळधुरळा खाऊन ये." होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही. पाळणे आता केवढाले, दिव्यांनी लखलखलेले. मान वर करून बघताना तो जुना पाळणा आठवला!

आम्ही अकरा वर्षांच्या. पाळणा लाकडी, माणूस हाताने फिरवायचा. सहा फेऱ्या. लीलानेच हट्टाने मला बसवलं. दुसऱ्या फेरीलाच मी ओरडायला लागले — उतरवा, मला उतरवा! सगळे हसत होते. पाळणेवालाही. "अजून चार फेऱ्या हायत की! काय होत न्हाय पोरी, बस."

आणि खरंच मला काही झालं नव्हतं. पाळणा धड होता. मी पडणार नव्हते. फक्त मला सोसत नव्हतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं.

लीला उभीच राहिली, हलत्या पाळण्यात! "तिला उतरायचंय. बाकीच्या फेऱ्या तुम्ही घ्या!"

थांबवला त्याने. तीही माझ्याबरोबर उतरली. फाटकापर्यंत माझा हात धरून चालली. भित्री म्हणून चिडवलं नाही — तेव्हाही नाही, कधीच नाही. मी का घाबरले, हेही विचारलं नाही.

बांगड्यांच्या दुकानापुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बांगडीवाली म्हणाली, "घेनार हाय का नुसतं बघनार, मावशी?"

१७ जानेवारी, शनिवार

पूजा झाली. शरणम्मा नव्या बांगड्या वाजवत आत गेली. मी लीलाचा हात सोडला नाही.

"तुझं म्हणणं मांडू?"

"मांड. घड्याळ लावू का?"

मी पाळण्याचं सांगितलं. त्या चार फेऱ्यांचं. पाळणा धड होता, हेही. तिला आठवत नव्हतं! ऐकत राहिली. मग तिने मान हलवली. तेवढंच तर हलतं तिचं.

म्हणाली, "आता विरोध कर. नियम आहे."

"तू गेलीस तर सकाळी सातला मी कुठे जाऊ?"

"हा मुद्दा नाही, ही तक्रार आहे. नोंदवून घेतली."

तिचे डोळे मला पुसावे लागले. माझे तिला पुसता येत नाहीत, म्हणून तसेच राहू दिले.

२३ जानेवारी, शुक्रवार

नोटरीपुढे प्रतिज्ञापत्रावर सही केली. शेवटी माझं एक वाक्य घातलं — ती जावी असं मला वाटत नाही, हेही मी शपथेवर सांगते.

लीलाला वाचून दाखवलं. "वकिलाला न विचारता वाक्य घुसडलंस! केस कमजोर केलीस."

"काढू?"

"राहू दे. खरं आहे."

गुरुशांत दारात उभा होता. जाताना मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.

९ मार्च, सोमवार

अर्ज दाखल झाला. पहिली तारीख जूनमध्ये.

लीला म्हणाली, "हरले तर रोज सातला ये."

"आणि जिंकलीस तर?"

"तर माझ्या शेवटच्या दिवशीही सातलाच."

येते म्हणाले.