मी प्रेम करत असे

३ मार्च २०२५, सोमवार. दुकान, दुपारी दोन.

आजपासून फ्रेंच. निर्णय पक्का.

दामिनी फ्रान्समध्ये लिऑनला शिकायला गेली आणि तिथल्याच मात्यू नावाच्या मुलाशी लग्न ठरवून बसली. मला फेब्रुवारीत सांगितलं. गुरम्माला वर्षभर माहीत होतं. बायको आणि मुलगी, दोघींनी मिळून एक वर्ष. मी रोज त्याच घरात जेवत होतो.

ठीक आहे. २० एप्रिलला मात्यूच्या आईवडिलांशी व्हिडिओ कॉल. त्यांच्याच भाषेत बोलणार. तोवर घरी चकार शब्द नाही. हा वीरण्णा म्हणजे नुसतं स्टीलच्या भांड्यांचं दुकान नव्हे, हे सगळ्यांना कळेल.

५ मार्च

नांदेडच्या तनुजा मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. मॅडमनी वर्तमानकाळ काढला. असणे, जाणे, करणे, प्रत्येक क्रियापद स्वतःच्या मनाप्रमाणे वागतं. काउंटरवर बसून असल्या बेशिस्तीचा अभ्यास शक्य नाही.

९ मार्च

मार्ग सापडला. मॅडम सहज बोलून गेल्या की अँपारफे नावाचा काळ, म्हणजे आपला रीती भूतकाळ, अगदी सरळ. वर्तमानातलं 'आम्ही'चं रूप घ्यायचं, शेपूट तोडायचं, नवं लावायचं. एक नियमित क्रियापद आलं की हजारो आली.

मी होलसेलवाला माणूस. हाच काळ घेणार. वर्तमानकाळ नंतर बघू. मॅडम म्हणाल्या, "काका, असं मधूनच सुरू करता येत न्हाई." वयाने लहान आहेत. धंदा पाहिलेला नाही.

क्रियापद निवडलं: एमे, प्रेम करणे. प्रसंगाला शोभेल.

१२ मार्च

जेमे. तू एमे. इल एमे. मी, तू, तो. तिन्ही ठिकाणी आवाज एकच. लिहिताना शेवट वेगळे, बोलताना गप्प. 'ते'वाल्या रूपाला तर पाच अक्षरांचं शेपूट, आणि आवाज पुन्हा तोच. ही सरळ फसवणूक आहे. पण बोलणाऱ्याच्या फायद्याची, म्हणून तक्रार केली नाही.

'आम्ही' आणि 'तुम्ही' मात्र दाताखाली खड्यासारखे येतात. नूझेम्यों. वूझेम्ये.

१९ मार्च

अभ्यास झाला नाही. लग्नसराई, ऊन, शिवाय लाइट नव्हती. उद्यापासून दुप्पट.

२८ मार्च

भागवतला विश्वासात घेतलं. माझा मित्र, मूळ देवणीचा, शाळेतून रिटायर्ड. सहाही रूपं न थांबता म्हणून दाखवली. तो म्हणाला, "लई भारी. पण अर्थ काय याचा?" सांगितलं: मी प्रेम करत असे. तर म्हणे, "असे? मग आता करत न्हाईस का?"

चाळीस वर्षांची मैत्री, आणि कौतुकाच्या वेळी हे. आयुष्यभर गणित शिकवलं त्याने. भाषेतलं त्याला कळत नाही.

६ एप्रिल

तनुजा मॅडम म्हणाल्या, वर्तमानकाळ निदान एक तास तरी करू. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. त्याऐवजी 'राहणे' घेतलं. तेही नियमित. मी लातूरला राहत असे. काळ हा तपशील आहे. समोरचा माणूस भाव बघतो.

१९ एप्रिल

तयारी पूर्ण. नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. गुरम्मा म्हणाली, "उद्या तुम्ही जास्त बोलू नका." मनातल्या मनात हसलो.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी सात.

लिहावं की नाही कळत नाही.

साडेचारला कॉल लागला. त्यांचं नुकतंच जेवण झालेलं. दामिनी ओळख करून देणार, तेवढ्यात मी हात वर केला आणि सुरू झालो. जेमे मा फीय. माझ्या मुलीवर मी प्रेम करत असे.

मात्यूची आई, सोलांजबाई, हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, "ए मँत्नाँ?" वाटलं, वाहवा करताहेत. मी म्हटलं, वी, वी, जेमे. मग जोर आला. मात्यूवरही प्रेम करत असे. मी आणि गुरम्मा, आम्ही दोघंही करत असू. लातूरला राहत असू.

मात्यूच्या वडिलांनी हातातला ग्लास खाली ठेवला. दामिनी रडायला लागली. मला वाटलं, आनंद. ती म्हणाली, "अप्पा, त्यांनी विचारलं, आणि आता? तुम्ही म्हणालात, हो हो, करत होतो. लग्न नको होतं तर मला मराठीत सांगायचं."

वर्तमानकाळ आठवायला लागलो. शिकलोच नव्हतो.

गुरम्माने माझ्या हातून मोबाइल घेतला आणि बोलायला लागली. फ्रेंच. चार मिनिटं. असणे, जाणे, करणे, सगळी बेशिस्त मंडळी तिच्यापुढे सरळ उभी. सोलांजबाईंनी डोळे पुसले, हसल्या, तिला नावाने हाक मारली. दोघींची जुनी ओळख.

नंतर विचारलं, कधीपासून? म्हणाली, "मागच्या श्रावणापासून. दामिनी शिकवती. सोलांजला मी धपाटे शिकवले."

मला का नाही सांगितलं?

"तुम्ही म्हणला असता, या वयात कशाला."

मी असं म्हणालो नसतो. बहुतेक.

२२ एप्रिल

गुरम्माशी अबोला, दिवस दुसरा. भागवत भेटायला आला. मी दुकानात नाही असं नोकराला सांगायला लावलं. मी दिसत होतो.

२४ एप्रिल

व्हॉट्सॲपवर त्यांचा ग्रुप आहे. दामिनी, मात्यू, सोलांजबाई, गुरम्मा. आज मला घेतलं. मागचे सगळे फोटो दामिनीने पुन्हा टाकले. धपाटे. त्यांचा कुत्रा. आमचं तुळशीवृंदावन. आणि मी, काउंटरवर डोकं टेकून झोपलेला. खाली गुरम्माने फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलेलं. वाटलं, टिंगल. अर्थ लागेना, कारण वर्तमानकाळ. तनुजा मॅडमना पाठवलं. उत्तर आलं, "ते खूप कष्ट करतात."

तरी विश्वासघात तो विश्वासघातच.

३० एप्रिल, बसव जयंती. सकाळी आठ.

आजपासून वर्तमानकाळ, गुरम्माकडे. मी विचारलेलं नाही, तिनेच सुचवलं. अटी माझ्या: मिरवणुकीला जायच्या आधी अर्धाच तास, आणि भागवतला कळता कामा नये. तिने मान्य केल्या आणि पहिल्याच वाक्यात मला 'तू' म्हणाली.

तीस वर्षं अहो-तुम्ही. मी तिथेच थांबवलं. ती म्हणाली, "फ्रेंचमधी नवऱ्याला तूच म्हणत्यात." लगेच मॅडमना विचारलं. खरं आहे.

पुस्तक माझ्याकडे सरकवून गुरम्माने विचारलं, "तू एकूत?"

म्हणजे, ऐकतोस का.

मी म्हटलं, हाव.